चकचकीत बाजू खाली

धनत्रयोदशीला संगमेशभावजींचा फोन आला,
"या दिवाळीला सुशी आणतोय घरी."
आत्याबाईंनी फोन छातीशी धरला,
मग हळूच विचारलं, "आपल्यातलीच आहे ना?"
ह्यांना हसू आलं. मी डोळे वटारले.

नव्हती.
भाऊबीजेला बॅगेतून निघाली ती
बांबूच्या काड्यांची वीतभर चटई,
मोज्यात गुंडाळलेली व्हिनेगरची बाटली
आणि एक पाकीट, काळ्या कागदांचं.
आत्याबाईंनी पाकीट उलटून पाठीमागं पाहिलं,
पोरगी तिथं उभी असावी तसं.

चार दिवाळ्या भावजी आले नव्हते.
"एकटे काय करता सणाला, तिकडं हामामात्सूत?"
महानंदावन्सं दर वेळी विचारायच्या.
ते दर वेळी सांगायचे, "झोपतो."

"वहिनी, भात गिच्च लागतो."
ओट्यापाशी सगळं गप्प झालं.
इथंच, लग्नानंतरच्या दुसऱ्या महिन्यात,
माझा भात गिच्च झाला म्हणून
अख्खं पातेलं गाईपुढं गेलं होतं
आणि निरोप सावळजला, माझ्या माहेरी.
आत्याबाईंनी इंद्रायणीचा डबा पुढं सरकवला.
"लाव. तुला येतो तो."
अकरा वर्षांनी.

मासा नाही, अंडं नाही,
तरी वन्सं दारातच अडून,
"समुद्रातला पाला म्हणजे शेवटी समुद्रच की!"
"मेथी पण चिखलातनंच येते," चन्नू म्हणाला,
वय वर्षं नऊ,
आणि पहिली काकडी त्यानंच कापली,
अंगठ्याएवढी जाड.

मामंजी बाहेरच्या खोलीत.
चौतीस वर्षं तासगावच्या कोर्टात टायपिंग,
धाकट्याशी फोनवर दोनच वाक्यं:
"बरा आहेस?" आणि "ठेवतो."
उठले कशाला तरी, पाण्यालाच असेल,
आणि ओट्यावरचा काळा कागद बघून थबकले.
दोन बोटांत धरला.
खिडकीकडं तिरका केला.
उलटा केला.
"कार्बन?"

भावजी हसले नाहीत.
"ह्याला पण एक चकचकीत बाजू असते, अण्णा."
"ती खाली," मामंजी म्हणाले.
"चकचकीत बाजू नेहमी खाली."

आणि खरंच, खालीच असते ती.

मग त्यांनी हात धुतले, बाह्या दुमडल्या,
भात पसरला समास सोडून,
वर बोटभर, डावीकडं थोडा जास्त,
चटई वळवली
मशीनला कागद चढवावा तशी.
भावजी खांद्याला खांदा लावून उभे, म्हणत राहिले,
"आता दाबा. सगळीकडं सारखं."

तिसऱ्या प्रतीपर्यंत उमटायचं
तर किती दाबायचं,
हे त्यांना कुणी सांगावं!

ट्यूबमधली हिरवी चटणी नाकात गेली
फेसलेल्या मोहरीसारखी. वन्सं रडल्या,
ओवाळताना राहिलेलं तेवढं रडून घेतलं.
शंकरपाळ्यांच्या ताटात काळी-पांढरी चाकं,
काही लंगडी, काही सुटलेली.
मामंजींनी दोन खाल्ली.
"मीठ कमी."
मग स्वतःच्या बोटांकडं बघत बसले बराच वेळ.
डाग नव्हता एकही.

सकाळी आत्याबाईंनी कुणाला विचारलं नाही.
मोहरी तडतडली, कढीपत्ता, हळद.
भिंतीपलीकडनं मगदूमकाकूंचा आवाज,
"वास कसला गं सुटलाय?"
"काही नाही, सुशीला फोडणी दिली."
"अगंबाई! काय केलं होतं तिनं?"

भावजी गुरुवारी गेले.
पाकिटात चार कागद उरले होते, ते सापडत नाहीत.
मी शोधत पण नाही.
मामंजींच्या फायलींच्या कपाटाला हल्ली,
इथं तासगावात,
समुद्राचा वास येतो.